सगळ्यांची आजी सुमनबाई

शाळा सकाळची झाली. पोरं साडेसातला रस्त्यानं जातात आणि बाराच्या आत डोक्यावर दप्तर धरून परत येतात. त्यानंतर आमच्या आर्णीत दुपार पडते ती अशी, की कुत्रंसुद्धा भुंकायचा कंटाळा करतं. कडुनिंबाची पानं अंगणभर गळतात. झाडून टाकावीत तर झाडू जागेवर ठेवेपर्यंत पुन्हा तेवढीच. यंदा मी झाडणं सोडलं आहे. येणारं-जाणारं कोणी नाही, मग राहू देत पानं.

परीक्षेच्या दिवसांना एक वास असतो. तुरीच्या कुटाराचा म्हणजे मळून उरलेल्या भुशाचा, नव्या गव्हाचा, तापलेल्या धुळीवर कोणी पाणी टाकलं की येतो तो. गावाबाहेर पळस फुललेला असतो. त्याला वास नाही, नुसता रंग आहे. हल्ली लोक गाडी थांबवून त्याचे फोटो काढतात. मला पळसाच्या फुलांचं विशेष काही वाटत नाही. त्याच्या पानांच्या पत्रावळी व्हायच्या, तेवढं कामाचं होतं.

माझा मुलगा विलास पुण्याला असतो. दर रविवारी फोन करतो. घर बंद कर आणि इकडे ये, म्हणतो. "तिथं आहे काय तुझं?" असं विचारतो. रागानं नाही विचारत, खरंच विचारतो. मागच्या वर्षी दोन महिने राहून आले. घर चांगलं आहे, सूनही चांगली आहे. सकाळी दोघं कामाला जातात, नातू शाळेत जातो, मी सोफ्याच्या एका टोकाला बसते. संध्याकाळी सगळे येतात आणि आपापल्या मोबाइलकडे पाहतात. वाईट कोणी वागत नाही. तक्रार करायला जागा नाही, हीच अडचण आहे. येत्या एप्रिलात तो मला कायमची घेऊन जायला येणार आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायला काही कारण लागतं, आणि ते शोधायला गेले की मला तीन वर्षांपूर्वीचा मार्च आठवतो. तेवढा एकच हंगाम या घरात माणसांचा आवाज होता. त्याआधी नवरा होता, पण तो फारसा बोलत नसे. कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्यभर मशीनच्या आवाजात काम केल्यावर माणूस घरी येऊन बोलत नाही.

त्या मार्चमध्ये स्वाती मॅडम माझ्या दारात आली. वणीजवळच्या राजूरची पोरगी, वडील कोळशाच्या खाणीत कामाला. इथल्या एका खाजगी शाळेत ती इंग्रजी शिकवायची आणि शाळा सुटल्यावर सहावी ते आठवीच्या पोरांची ट्युशन घ्यायची. मागच्या गल्लीत टिनाच्या खोलीत राहायची. शाळा सकाळची झाली तशी ट्युशन दुपारची झाली, आणि दुपारी त्या टिनाखाली पोरांचा घाम वहीवर टपटप पडायचा. माझी ओसरी कवेलूची, म्हणजे कौलारू, वर कडुनिंबाची सावली. तिनं ती जाता-येता हेरून ठेवली होती.

"आजी, महिनाभर दुपारचे दोन तास द्याल का ओसरी?"

"मले गडबड चालत नाही."

"शांत बसतात हो माझी मुलं."

"पोट्टे शांत बसते हे तुले कोनं सांगितलं?"

ती हसली. मी हो म्हटलं नाही, पण ओसरीत पडलेली कापसाची जुनी पोती उचलून आत नेऊन ठेवली. त्याचा अर्थ तिला कळला.

दुसऱ्या दिवशी फाटकाजवळ चपलांचा ढीग पडला. उलट्यासुलट्या, एकावर एक. मी आत बाजेवर पडून ऐकत होते. मी चौथी शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, आणि चौथीनंतर मी कापूस वेचायला गेले. म्हणजे इंग्रजीची-माझी भेट एका वर्षानं चुकली होती. आता ती भाषा माझ्याच ओसरीत येऊन बसली. कळत काही नव्हतं. पण शेजारच्या घरात भांडण चाललेलं असावं, शब्द ऐकू येऊ नयेत आणि तरी कोण वरचढ आहे ते कळावं, तसं मला कळायचं. कोणी अडखळलं की कळायचं. कोणी खोटंच पुटपुटतो आहे तेही कळायचं.

माठ मात्र रोज रिकामा व्हायचा. आमच्याकडे नळ रोज येत नाही. मी ओरडायची, पोरं "हो आजी" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामा करायची. शेवटी मी दुसरा माठ भरून ठेवायला लागले. ओरडणं चालूच ठेवलं.

एक दिवस मॅडमनं त्यांना निबंध लिहायला दिला. माझी आजी. वह्या गोळा करून ती वाचायला लागली. आधी हसली. मग पुढची वही उघडली, त्याच्या पुढची उघडली, आणि मला हाक मारली.

"आजी, बाहेर या. गंमत ऐका."

सगळ्यांच्या आजीचं नाव सुमनबाई होतं. सगळ्यांची आजी पासष्ट वर्षांची होती. ती रोज पहाटे उठून देवळात जायची, रात्री गोष्टी सांगायची, संध्याकाळी नातवंडांना दूध द्यायची आणि तिची तब्येत चांगली होती. निबंधाच्या पुस्तकात होतं तसंच्या तसं पोरांनी पाठ केलं होतं आणि तसंच उतरवलं होतं.

सम्यक नावाचा एक बडबड्या पोरगा होता. त्याला तिनं उभं केलं.

"तुझ्या आजीचं नाव काय रे?"

"अनुसया."

"मग ही सुमनबाई कोण?"

"ते इंग्रजीतलं नाव हाय मॅडम."

पोरं हसली नाहीत. त्यांना ते बरोबरच वाटलं होतं. मराठीत अनुसया, इंग्रजीत सुमनबाई. मलाही ते फार चूक वाटलं नाही. आमच्या चौथीत 'गाय' लिहायला असायची. वर्गात गाय न पाहिलेलं एकही पोर नव्हतं. कोणी तर सकाळी शेण काढून आलेलं असायचं. तरी आम्ही गुरुजींनी फळ्यावर लिहिलेलीच गाय उतरवली. ती गाय पांढरी होती. आमची तांबडी होती, पण परीक्षेला पांढरीच लिहायची असते असं आम्ही समजून होतो.

मॅडमनं शेवटची वही उघडली. ती कोमलची होती. कोमल तांड्यावरची, बंजाऱ्याची पोरगी, आठवीत. तिचे आई-बाप दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. तोवर तिला शाळेसाठी तिची दादी सांभाळायची. ती म्हातारी दिवाळीच्या सुमारास वारली. आई-बाप आले, माती दिली आणि परत गेले, ऊस थांबत नाही. पोरगी गावात काकाकडे राहायला आली. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मॅडमलाही माहीत नव्हतं.

"कोमल, तुझी आजी पण सुमनबाईच का गं?"

सम्यकच म्हणाला, "मॅडम, तिची आजी मेली."

मॅडमनं वहीकडे पाहिलं. वहीत आजीची तब्येत चांगली होती.

"मग हे कसं लिहिलंस बाळा?"

"दहा मार्काचं हाय मॅडम," कोमल म्हणाली.

त्या दिवशी ट्युशन लवकर सुटली. दुसऱ्या दिवशी मॅडम आली ती ठरवून आली. पुस्तकं मिटायला लावली, माझी लाकडी खुर्ची ओसरीच्या मधोमध ठेवली आणि म्हणाली, "आजी, इथं बसा. आज तुमच्यावर लिहायचं."

"मी काय बाजारातली म्हैस हाव, दात पाहायले?"

"आजी, दात हाय का पन?" सम्यक म्हणाला.

"ये इकडे, चावून दाखवतो."

पोरं खो खो हसली. मी बसले. त्यांना प्रश्न विचारायला सांगितलं होतं. पहिला प्रश्न आला, तुम्ही गोष्टी सांगता का.

"नाही. मले एकही पुरी येत नाही."

"देवळात जाता का?"

"आम्ही देवळात जात नाही. विहारात जातो, पौर्णिमेले. गुडघे हो म्हनतीन तर."

"आजी, तुमचं आमच्यावर प्रेम हाय का?"

"काहून असन? माह्या माठातलं पानी संपवता."

मॅडम म्हणाली, हेच लिहा. ती गोष्टी सांगत नाही. ती पाण्यावरून ओरडते. इंग्रजी शब्द ती छोट्या फळ्यावर लिहून द्यायची, वाक्य पोरांनी जुळवायचं. एक वाक्य जुळवायला त्यांना घाम फुटायचा. पाठ केलेल्या दहा ओळी पोरं एका दमात म्हणत होती, आणि समोर बसलेल्या म्हातारीची एक ओळ होत नव्हती. पेन चावत ती माझ्याकडे पाहायची, वहीत पाहायची, पुन्हा माझ्याकडे.

मला कोणी इतकं पाहिलं नव्हतं. लग्नाच्या वेळी पाहायला आले होते तेवढंच, आणि तेव्हाही चालून दाखव म्हणाले होते. बाई म्हातारी झाली की लोक तिच्याकडे भिंतीकडे पाहावं तसं पाहतात. उभी आहे ना, मग झालं. ही पोरं पाहत होती, कारण त्यांना ओळ पुरी करायची होती. प्रेमानं नव्हती पाहत. पण प्रेमानं पाहणारे काय पाहतात ते मला माहीत आहे. त्यांना जे पाहायचं असतं तेच ते पाहतात.

लिहून झालं की पोरं मला मराठीत सांगायची. एकानं लिहिलं होतं, तिच्या एका कानाची पाळी फाटलेली आहे. खरं आहे, कापूस वेचताना बाळी पऱ्हाटीला अडकली होती. सम्यकनं लिहिलं होतं, ती नळाशी बोलते.

"कधी बोलतो रे मी?"

"बोलता!" सगळी एकदम ओरडली.

"काय बोलतो?"

"नळ आला का म्हनता, आलास का बाबा."

माझ्या तोंडातून असं काही निघतं हे मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी नळ आला तेव्हा मी लक्ष ठेवलं. निघतं.

नंतर दोन आठवडे ओसरीत असंच चाललं. रोज एक नवीन विषय. कधी माझा माठ, कधी कडुनिंब, कधी बापाचं काम. सम्यकच्या बापाचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पंक्चर कुठं आहे ते बाप घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून कसं शोधतो ते त्यानं लिहिलं, आणि बुडबुड्याला इंग्रजीत काय म्हणतात यावरून अर्धा तास गोंधळ घातला. मी बाजेवर मुंगवड्या वाळत घालायची. पोरं जाता-येता ओल्याच उचलून तोंडात टाकायची. मी मोजून घातल्या आहेत असं सांगायची, आणि पुढच्या खेपेला जास्त डाळ भिजवायची.

कोमल मात्र माझ्यावर लिहीत नव्हती. मॅडमनं तिला सांगितलं होतं, तू तुझ्या दादीवर लिही, खरं ते. ती रोज एक ओळ लिहायची आणि थांबायची. एक ओळ मॅडमनं मला सांगितली. दादीची गोधडी जड होती. त्यापुढे त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी ओळ. मॅडम घाई करत नसे. मला वाटायचं या वेगानं पोरगी पेपर कसा सोडवणार.

मग शाळेत चाचणी झाली. मॅडमच्या पोरांपैकी काही तिच्या शाळेतली होती, बरीच दुसऱ्या शाळेतली. तिथल्या सरांनी मनानं लिहिलेल्या निबंधांना दोन-तीन मार्क दिले. पुस्तकातला उतरवलेल्यांना आठ मिळाले. सरांचं काय चुकलं ते मी सांगू शकत नाही. सुमनबाई वाचून वाचून त्यांना तीच खरी वाटत असेल.

दोन दिवसांनी सम्यकचा बाप फाटकाशी आला. हाताला ऑइल, मागे आणखी दोन-तीन आयाबाया. माणूस वाईट नाही. माझ्या घराचं फाटक निखळलं होतं तेव्हा त्यानंच बसवून दिलं होतं.

"मॅडम, पोट्टं सांगते आजीवर लिहून राह्यलो. कोनाच्या आजीवर? अन् तीन मार्क. तीन!"

"दादा, तो आता स्वतः वाक्य करतो. आधी एक येत नव्हतं."

"स्वतः करून मार्क कोन देते? मी स्वतःच केलं सारं, म्हून टायर काढून राह्यलो. ट्युशन कायले लावली मंग आम्ही?"

मॅडमनं समजावून पाहिलं. आयाबाया ऐकून घेत होत्या, पण मान कोणी हलवत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, वार्षिक परीक्षेत मार्क आले तर ठीक, नाही तर जूनपासून सगळी पोरं हायवेवरच्या मोठ्या क्लासला जातील. मग माझ्याकडे वळला. "काकू, तुम्हीच सांगा."

"मले इंग्रजी येत नाही," मी म्हटलं.

सगळे गेल्यावर मॅडम पायरीवर बसून राहिली. चहा दिला तो थंड झाला. मग तिनं विचारलं, "आजी, काय करू?"

"पाठ करून घे," मी म्हटलं.

"तुम्ही पण?"

"पोट्टे राह्यले पाह्यजे ना. राह्यले तर जूनमध्ये पुन्हा तुह्या मनासारखं शिकव. नाही राह्यले तर कोनाले शिकवशीन?"

ते खरंच होतं. पण पोरं राहावीत असं मला का वाटत होतं ते मी तिला सांगितलं नाही. मला फाटकाजवळ चपलांचा ढीग हवा होता. ती पोरं काय लिहितात, मनानं लिहितात की पाठ करून लिहितात, यानं माझी दुपार काही कमी-जास्त भरणार नव्हती. त्या वेळी मला असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून सुमनबाई माझ्या ओसरीत राहायला आली. पोरं डोळे मिटून, पुढे-मागे झुलत, एका सुरात म्हणायची. माय ग्रँडमदर इज सिक्स्टी फाइव्ह इयर्स ओल्ड. तिसऱ्या दिवशी मला पाठ झालं. भाकरी थापताना माझ्या तोंडात तेच. मी मुंगवड्यांचं ताट घेऊन बाहेर आले तर कोणी मान वळवली नाही. डोळे मिटलेले. पाणी संपवल्यावरून ओरडले तर "हो आजी" इतकंच, आणि पुढची ओळ सुरू. मॅडम भिंतीला टेकून उभी असायची, हातात पुस्तक. माझ्याकडे तीही पाहत नव्हती. माझी खुर्ची कोपऱ्यात सरकवली होती आणि तिच्यावर दप्तरं ठेवली होती. पोरं माझ्या घरात होती, चपलांचा ढीग तेवढाच होता, आणि माझी दुपार विलासच्या सोफ्यावरच्या दुपारीसारखी झाली होती. हा हिशेब मी केलेला नव्हता.

इंग्रजीचा पेपर झाला त्या दिवशी पोरं शाळेतून परस्पर घरी गेली. कोमल एकटी आली. भर उन्हात. पाय धुतले, पाणी प्यायली, ओसरीच्या खांबाला टेकून बसली. मी गहू निवडत होते.

"आलता का निबंध?"

"आलता. आजीचाच."

"मंग? कोनती आजी लिहिली?"

"सुमनबाई."

"मॅडमनं सांगितलं म्हून?"

तिनं मान हलवली. नाही. ती माझ्या सुपाकडे पाहत होती. मग म्हणाली, "ते आजी मरत नाही ना. तिची तब्येत चांगली राह्यते."

मी गहू निवडत राहिले.

"रोज संध्याकाळी दूध देते," ती म्हणाली. "लिहिता लिहिता मले वाटे, माहीच हाय."

मॅडमला खरं हवं होतं, आणि मॅडमचं चुकत नव्हतं. पुस्तक खोटं होतं, पण पोरगी त्या खोट्या दहा ओळींत जाऊन थोडा वेळ बसून आली होती. मी तिला सुपातले खडे वेचायला दिले. आम्ही दोघींनी गहू पुरा निवडला. मग ऊन उतरलं आणि ती काकाकडे गेली. पुढे नववीला तिला कोणत्या तरी आश्रमशाळेत टाकलं असं ऐकलं. कुठल्या, ते सांगणारं कोणी भेटलं नाही.

निकाल लागला. आठ मार्क, नऊ मार्क. सम्यकचा बाप पेढे घेऊन आला. हात स्वच्छ धुतलेले, शर्ट इस्त्रीचा.

"पोट्टं हुशार निघालं काकू."

"निघनारच. बडबड काय कमी हाय?"

"मंग म्हटलं, आता एवढे मार्क पाडून राह्यलं तर त्याले मोठ्या क्लासातच टाकाव."

तो हे आनंदानं सांगत होता. मार्क आले नसते तर पोरं मोठ्या क्लासला जाणारच होती. आले म्हणूनही गेली. जूनमध्ये माझ्या ओसरीत कोणी आलं नाही. मॅडमलाही तिच्या शाळेनं पुन्हा बोलावलं नाही. तिनं इकडे-तिकडे अर्ज केले आणि उमरखेडला जागा मिळाली. एक बॅग, एक बादली आणि तो छोटा फळा घेऊन ती निघाली. "येते आजी," म्हणाली. मी म्हटलं, "गाडीत खिडकीजवळ बस, नाही तर तुले उलटी होते." आम्ही दोघी एवढंच बोललो. सणावारी तिचा फोन यायचा, तब्येत विचारायची. मी चांगली आहे म्हणायची. दुसरं काय म्हणतात.

गेल्या आठवड्यात दुपारी मी तिला फोन लावला. आजवर मी कधी कोणाला आपण होऊन फोन लावलेला नाही, विलासलासुद्धा नाही. त्यांना वेळ असेल तेव्हा ते करतात, असं मी धरून चालते. तिनं उचलला तो घाबरूनच.

"आजी? काय झालं?"

"काही नाही. परीक्षा आल्या ना जवळ."

"हो, आल्या की." तिच्या मागे पोरांचा आवाज येत होता. पुष्कळ पोरं असावीत. एका सुरात काही म्हणत होती.

"काय म्हनून राह्यले?"

"निबंध पाठ करून घेते आहे."

"सुमनबाई?"

"नाही, इथं दुसरं पुस्तक आहे. इथं कमलाबाई आहे. सत्तर वर्षांची." ती हसली. मग म्हणाली, "तुम्ही तेव्हा सांगितलंत ते बरोबर होतं आजी. वर्गात साठ मुलं. मी आता सरळ पाठच करून घेते. मार्क येतात, आईवडील खूश, माझ्यामागे कटकट नाही."

माझं म्हणणं इतक्या लांब जाऊन टिकलं होतं. बाकी त्या हंगामातलं तिच्याजवळ काही राहिलेलं दिसलं नाही. आयुष्यात माझं म्हणणं फारसं कोणी ऐकलं नाही, आणि जिनं ऐकलं तिनं हे ऐकलं.

"ते मी इथल्या पोट्ट्यांसाठी म्हटलं होतं," मी म्हटलं. "त्यांनी राहावं म्हून. राह्यले थोडेच."

मागे पोरं म्हणतच होती.

"एखाद दिवस पुस्तक मिटायले लाव. समोर कोनाले तरी बसव."

"इथं कोणाला बसवू आजी? कोणाची आजी शाळेत येऊन दुपारभर बसेल?"

"मी येतो."

"तुम्ही?"

"नांदेडकडची कोनतीही गाडी उमरखेडवरून जाते. स्टँड माह्या घरापासून लांब नाही. बसायचंच तर हाय."

मला वाटलं ती हसेल. हसली नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "हेडसरांना विचारून सांगते."

अजून तिनं सांगितलेलं नाही. परीक्षेच्या तोंडावर असल्या गोष्टींना वेळ नाही, असं हेडसर म्हणतील. ते खोटं असणार नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

काल रविवार होता. विलासचा फोन आला. एप्रिलच्या कोणत्या तारखेचं तिकीट काढू, विचारत होता.

"सध्या नको काढू. मले काम हाय."

"तुला? कसलं काम?"

"बसायचं."

त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. थोडा हसला. मग म्हणाला, "आई, अगं बसायचं तर इथंही बसता येतं."

"येते. पन तिथं माह्याकडे कोन पाहून राह्यलं?"

फोन दोघांनीही ठेवला नाही.